पाच नंबर शेडच्या तीस नळ्या

१

तीस नळ्या तपासल्या आणि एकीतही आजार सापडला नाही. खरं तर आनंदानं उड्या माराव्यात अशी बातमी. पण प्रयोगशाळेचे प्रमुख तो कागद समोर ठेवून घरात कुणी गेल्यासारखे बसले होते.

"बाई, दार लावा आधी," ते म्हणाले.

थोरलीनं दार लावलं. जनावरांच्या आजारांच्या या प्रयोगशाळेचं स्टोअर ती एकोणीस वर्षं सांभाळत होती. हातमोजे, नळ्या, कापसाच्या काड्या, स्पिरिट, सगळ्या कपाटांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. हरवलेली वस्तू शोधावी तर तिनंच. सूक्ष्मदर्शकाचं चोरीला गेलेलं भिंग तिनं एकदा प्रमुखांच्याच टेबलावर शोधून काढलं होतं. त्यांनी ते कागदांवर वजन म्हणून ठेवलं होतं. तेव्हापासून ते तिला जरा वचकून असत.

"गावाबाहेरचा तो मोठा पोल्ट्री फार्म. त्याच्या पाच नंबर शेडमध्ये अंडी गोळा करणारी बाई परवापासून हॉस्पिटलात आहे. तिच्या घशात कोंबड्यांचा आजार सापडलाय. ती राहते त्या शेडला लागून, सहा महिन्यांत कुठं गेलेली नाही. आणि त्याच शेडमधून आपल्याकडे आलेल्या तीस नळ्या अगदी स्वच्छ! आता सांगा."

"नळ्या बदलल्यात."

"मलाही तेच वाटतं. नमुने कुणी घेतले होते?"

हे विचारायची काही गरज नव्हती. नमुने धाकटीनं घेतले होते. धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण, प्रयोगशाळेची डॉक्टर, आणि गेल्या वर्षभरात पेपरात फोटो येणारी बाई.

"उद्या अकराला समिती बसतेय," प्रमुख म्हणाले. "मालकांची तक्रार आहे की डॉक्टरबाई शेडमध्ये गेल्याच नाहीत. नळ्या खऱ्या धरल्या, तर शेडमध्ये आजार आहे म्हणून तिनं उगाच लोकांना घाबरवलं. खोट्या धरल्या, तर खोटे नमुने तिनंच दिले. कसंही धरा, तिची नोकरी जाते. आणि संध्याकाळी पाच नंबरच्या पंचवीस हजार कोंबड्या ट्रकात भरून गावोगावच्या बाजारात जातात. नुसत्या संशयावर ट्रक थांबवता येत नाहीत मला. नळ्या कुणी बदलल्या ते उद्या अकराच्या आत कळायला हवं."

"मग पोलिसांना सांगा. मी तिची बहीण आहे."

"म्हणून तर तुम्ही." प्रमुखांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही. "तुमचं तिच्याशी पटत नाही हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे, बाई. तिला वाचवायला तुम्ही खोटं बोलणार नाही."

थोरलीला राग यायला हवा होता. पण आधी आली ती एक छोटीशी, चोरटी खुशी: धाकटी चुकली असेल तर?

२

हेवा हा प्रकार थोरलीला चांगला ठाऊक होता. दातदुखीसारखा तिनं तो वर्षानुवर्षं सांभाळला होता. जीभ सारखी तिथंच जाते.

वडील गेले तेव्हा थोरलीनं शाळा सोडून नोकरी धरली आणि धाकटी शिकली. एवढ्यावर मिटलं असतं. पण धाकटी शिकून डॉक्टर झाली, तिला देखणा नवरा मिळाला, तोही कोंबड्यांचाच डॉक्टर, त्याच मोठ्या फार्मवर नोकरीला. मग ती पेपरात लिहू लागली. थोरलीनं ग्रंथालयातून आणून तिच्या अभ्यासाची सगळी पुस्तकं स्वतःहून वाचली होती, धाकटीच्या निम्मं तरी तिला कळत होतं. पण फोटो एकीचाच येत होता. थोरली तोंडानं काही बोलायची नाही. फक्त धाकटीचं सामान ती सगळ्यांत शेवटी काढायची, आणि कपाटाच्या मागच्या बाजूनं.

तिनं हातमोजे चढवून तो खोका उघडला. पंधरा कोंबड्या, प्रत्येकीच्या दोन नळ्या, एक घशाची, एक मागची. प्रत्येक नळीत गुलाबी पाणी आणि त्यात कापसाची काडी, टोपण बसावं म्हणून वरून मोडलेली.

घशाच्या पंधरा काड्या तिनं उजेडात धरल्या. एकीवरही रक्ताचा ठिपका नाही. फडफडणाऱ्या कोंबडीच्या घशात काडी घालून न ओरखडता बाहेर काढणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

मग मागच्या पंधरा. सातव्या काडीच्या कापसाला काहीतरी चिकटलं होतं. तिनं चिमट्यानं ते काचेवर घेतलं. हिरवं, चपटं, रेघारेघांचं.

गवत.

पाच नंबर शेडमधली कोंबडी आयुष्यभर तारेच्या पिंजऱ्यात उभी असते. जागा किती, तर वहीच्या दोन पानांएवढी. मातीला तिचा पाय लागत नाही. समोरच्या पन्हाळीतून येईल तो भरडा खायचा. तिच्या पोटात गवत कुठून येणार?

थोरलीनं ते वहीत लिहिलं. खोका बंद करता करता तिला आणखी एक गोष्ट दिसली. ती तिनं लिहिली नाही.

३

फार्मच्या फाटकावर तिच्यावर औषधाचा फवारा मारला, चपला काढून रबरी बूट दिले, आणि मग थंडगार ऑफिसात मालकांसमोर बसवलं. मालक गोल, हसरे आणि घाईत होते.

"मेल्या, मान्य आहे. पाच नंबरात दिवसाला दोनशे मेल्या. पण उन्हानं मेल्या हो! उन्हाळा कसा झालाय ते बघताय ना?"

"बघतेय. माझी बहीण म्हणते, तो उन्हाळा थोडासा तुमच्याकडेच तयार होतो."

"वाचलंय मी ते!" मालक खो खो हसले. "खाद्य पिकवायला जंगलं कापतात, विष्ठेच्या ढिगातून वायू निघतो, ऊन वाढतं, आणि त्या उन्हानं माझ्याच कोंबड्या मरतात. म्हणजे खुनीही मीच आणि मयतही मीच! पण बाई, अंडं स्वस्त पाहिजे ना सगळ्यांना? खरं सांगा, आज सकाळी काय खाल्लंत?"

थोरलीनं अंडंच खाल्लं होतं. तिनं विषय बदलला.

"बाकीच्या शेडांचं काय?"

"सात शेड ठणठणीत! एक नंबर तर इथं खिडकीसमोर आहे, चला, आत्ता दाखवतो. आमचे डॉक्टर रोज लेखी देतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचे पाहुणेच की ते. गुणी माणूस. बायकोपुढे बिचाऱ्याचं काही चालत नाही."

प्रयोगशाळेच्या आवारात ड्रायव्हरकाका गाडी धूत होते. नमुन्यांचा खोका त्यांच्याच गाडीतून आला होता, आणि काकांच्या आईकडे अंगणात चार कोंबड्या होत्या. थोरलीनं आडवळण न घेता विचारलं.

"कोंबडीच्या घशात मी काडी घालू?" काकांनी पाण्याची नळीच खाली टाकली. "बाई, आईच्या कोंबड्या अंगावर आल्या की मी गाडीत बसून काच वर करतो. चोच बघितलीत का त्यांची? सगळ्या घराला विचारा, अजून हसतात मला."

"मग शनिवारी दुपारी खोका घेतल्यावर गाडी कुठं कुठं थांबली?"

काका फडकं पिळत राहिले.

"काका."

"मॅडम म्हणाल्या, कुणाला बोलू नका. शनिवारी प्रयोगशाळा दुपारीच बंद होते ना. खोका मी इथं आणलाच नाही. मॅडमच्या घरी सोडला. सोमवारी सकाळी तिथूनच उचलला."

४

धाकटीच्या घरामागं हिरवळीचा एक तुकडा होता, आणि त्यावर सात कोंबड्या मोकाट फिरत होत्या. थोरली कुंपणाशी उभी राहून बघत राहिली. एकीनं गवताचं पातं तोडलं, मान झटकली आणि गिळलं.

"ताई! आणि न सांगता?" धाकटी मागच्या दारात आली. डोळे सुजलेले. "समितीचं कळलं ना तुला?"

"चिमे, खोका घरी का ठेवलास?"

धाकटी पायरीवर बसली. "फ्रीजमध्ये ठेवला होता, नीट बर्फात. नियमाबाहेर आहे, माहीत आहे मला. पण गाडीत दोन दिवस ठेवला असता तर नमुने उकडले असते. तू मला ओरडायला आलीस का?"

"शेडमध्ये गेली होतीस तू?"

"ताई!" ती दुखावली. मग बोलायला लागली ती थांबेचना. "आत श्वास घेववत नाही गं. एकाच रक्ताच्या पंचवीस हजार. एकीला झालं की सगळ्यांना. आणि प्रत्येक कोंबडीत तो विषाणू थोडा थोडा बदलून बघतो. माणसाच्या घशाचं कुलूप उघडायचा पंचवीस हजार वेळा सराव. कधीतरी एक किल्ली लागणारच. त्या अंडीवाल्या बाईला लागली. उद्या ते ट्रक गेले तर किती गावांना लागेल?"

थोरलीला काय वाटावं? वाक्य किती छान जमलं हिला, असं वाटलं. किल्ल्या कमरेला आपल्या, आणि सुचलं हिला.

आतून धाकटीचा नवरा चहाचे तीन कप घेऊन आला. उंच, मृदू बोलणारा माणूस. थोरलीला त्याचाही हेवा वाटत असे, म्हणजे त्याचा नव्हे, तो दुसऱ्याचा असण्याचा.

"ताई, काही लागलं का हाताला?"

"लागेल. तुम्हाला काय वाटतं, डॉक्टर? कुणी केलं असेल?"

"मी काय सांगणार? मला विचारतो कोण?" तो हसला. "परवा एका लग्नात एकानं माझी ओळख करून दिली, 'हे मॅडमचे मिस्टर'. आठ शेड, दोन लाख पक्षी सांभाळतो मी. पण मी मॅडमचे मिस्टर."

हसत हसत म्हणाला. पण कप बशीत ठेवताना खणकन वाजला.

थोरलीनं तो आवाज ओळखला. स्टोअरच्या कपाटाचं दार ती स्वतः अशीच लावायची, धाकटी सामान घेऊन गेली की.

बसनं घरी परतताना तिनं हिशेब मांडला. गवत खाणाऱ्या कोंबड्या, सातच, पण एकीला दोन-तीनदा काडी घालता येते. सफाईदार डॉक्टरी हात. खोका दोन दिवस त्याच घरात. त्या घरात डॉक्टर दोघं. तिनं एवढंच समितीला सांगितलं, तर सगळे एकाच नावावर बोट ठेवणार, आणि ते नाव धाकटीचं असणार. तिला खोटं बोलायची गरजच नव्हती. फक्त वेळेवर गप्प बसायचं होतं.

५

अकराच्या समितीत प्रमुख, बाहेरून आलेली तीन माणसं, मालक, आणि मालकांशेजारी त्यांचे कंपनीचे डॉक्टर. समोरच्या भिंतीशी एकटी धाकटी. टेबलावर तीस नळ्यांचा खोका.

थोरली उभी राहिली. तिनं गवत सांगितलं, न ओरखडलेले घसे सांगितले, ड्रायव्हरकाकांच्या चोचीच्या भीतीवर सगळे हसले.

"मालकांनी हे केलेलं नाही," ती म्हणाली. "त्यांच्या लेखी बाकीचे सात शेड ठणठणीत आहेत. त्यांना नळ्या बदलायच्या असत्या तर खिडकीसमोरच्या एक नंबरमधून नमुने घेतले असते, दहा मिनिटांचं काम. पण ज्यानं केलं त्यानं फार्मवरची एकही कोंबडी वापरली नाही. त्याला भीती होती, कुठल्याही शेडमधून घेतलं तरी आजार सापडेल."

मालकांचं हसू हळूहळू उतरलं. ते वळून आपल्या डॉक्टरांकडे बघू लागले.

"हा सगळा तर्क झाला," कंपनीचे डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मला बोलायला फार जड जातंय. पण खोका माझ्या बायकोनं घरी आणला, लपवून. घरच्या कोंबड्या तिच्या. शेडमध्ये जायची भीती वाटली असेल तिला. माणूस आहे ती."

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच पुढं होऊन खोक्यात वाकली. एक नळी उचलली, उजेडात धरली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. नळी तिनं जागेवर ठेवली. मग परत भिंतीशी जाऊन बसली.

आता थोरलीला कळलं की धाकटीलाही दिसलं. आणि दिसूनही ती तोंड उघडणार नाही, नवऱ्यासाठी. आणि कदाचित, हा विचार सुईसारखा टोचला, बहिणीसाठीही.

"काड्या बघा," थोरली म्हणाली. "या प्लास्टिकच्या आहेत. एका खाचेवर कट् मोडतात, म्हणून सगळ्या एका उंचीच्या. मी हिला प्लास्टिकच्या दिल्याच नव्हत्या. लाकडी दिल्या होत्या. त्या मोडत नाहीत, कात्रीनं कापाव्या लागतात."

समितीतल्या एकानं स्टोअरचं रजिस्टर उलटलं. "इथं तर लिहिलंय, नव्या काड्या, प्लास्टिक, तीस. खाली तुमची सही आहे."

"ती नोंद खोटी आहे. मी केली."

प्रमुखांनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी मात्र पुसायला विसरले.

"लाकडी काड्या वापरायच्या बंद करून वर्ष झालं. लाकडातलं काहीतरी उतरतं आणि तपासणी बिघडू शकते. फेकून द्या म्हणून लेखी आलं होतं. मी एक पाकीट मागं ठेवलं." थोरली समितीकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती. "तिला द्यायला. तिचे नमुने एखाद्या वेळी फसावेत, लोकांनी म्हणावं, मॅडम पण चुकतात, एवढंच. आणि रजिस्टरात नव्या लिहिल्या. नव्यांचं पाकीट कपाटात आहे, सीलबंद, शंभरच्या शंभर. चला, मोजा. लाकडीच्या पाकिटात तीस कमी भरतील. मग या प्लास्टिकच्या तीस आल्या कुठून? आमच्याकडून नाही. तिच्याकडून नाही. त्या घरात अशा काड्या आणखी एकाच माणसाच्या बॅगेत असतात. फार्मच्या डॉक्टरच्या."

प्रमुख स्वतः उठून तिच्याबरोबर कपाटाकडे गेले. मोजून परत आले तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि कुणालाच पुढं काही विचारावं लागलं नाही.

"तीन आठवड्यांपूर्वीच दिसायला लागलं होतं," धाकटीचा नवरा टेबलाशी बोलावं तसा बोलला. "आधी पाचमध्ये, मग दोन, मग सातमध्ये. मी लिहीत राहिलो, ऊन, ऊन. वाटलं, जाईल. आणि मग ही आली आणि एका सकाळीत हिनं ओळखलं. नेहमीसारखं." त्यानं मान वर केली. "मला वाटलं, एकदा, फक्त एकदाच हिनं चुकावं."

थोरलीनं डोळे मिटले. ते वाक्य तिच्या इतकं ओळखीचं होतं की क्षणभर तिला वाटलं, आपणच बोललो.

६

ट्रक रिकामे परत गेले. आठही शेडांना सील लागलं, पांढरे पोशाख घातलेली माणसं आत गेली आणि सगळ्या शेडांत आजार सापडला. अंडी गोळा करणाऱ्या बाईचा ऑक्सिजन सहाव्या दिवशी निघाला. धाकटीच्या नवऱ्याला चौकशीला नेलं. थोरलीला घरी बसवलं, चौकशी पुरी होईपर्यंत. आणि धाकटीचा फोटो पुन्हा पेपरात आला, पहिल्या पानावर, मधोमध. थोरलीनं तो बघून पेपर उलटा ठेवला.

शेडमध्ये गेलेल्या सगळ्यांना दहा दिवस वेगळं राहायचा हुकूम होता. धाकटीला प्रयोगशाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं होतं. थोरली रोज दुपारी डबा घेऊन जायची, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची आणि चार हात लांब खुर्ची टाकून बसायची. मध्ये बंद दार.

पहिले तीन दिवस दोघी फक्त तापाचं बोलल्या. आहे का? नाही. खोकला? नाही. चौथ्या दिवशी दाराआडून धाकटी म्हणाली, "लाकडी काड्या मला तेव्हाच दिसल्या होत्या, ताई."

"मग परत का नाही आणल्यास?"

"तू म्हणाली असतीस, नव्या संपल्या. आणि मी तक्रार केली असती तर तुझी नोकरी गेली असती. लाकडातून उतरेल ते पातळ व्हावं म्हणून मी प्रत्येक नळीत दोन थेंब पाणी जास्त घातलं आणि काम भागवलं."

इथंही हीच मोठ्या मनाची. निदान एकदा तरी हिनं आदळआपट करायची होती.

"तुला राग आला नाही?"

"आला ना! तुझं नाव घेऊन कात्रीनं कापत होते एकेक." आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "ताई, घरी त्यांचे बूट दारातच असतील. मला त्या घरात नाही जायचं."

"मग नको जाऊस."

"अजून हेवा वाटतो तुला माझा?"

"वाटतो."

"आता कसला? नवरा गेला, घर गेलं."

"समितीत कबुली मी दिली," थोरली म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर एवढी बोलले. आणि बोलत असताना सगळे बघत होते तुझ्याकडे."

आत धाकटी हसायला लागली, हसता हसता रडायला, आणि थोरली डब्याचं झाकण उगाच घट्ट करत बसली.

दहाव्या दिवशी दार उघडलं. धाकटी बॅग घेऊन उभी होती, वाळलेली, केस विस्कटलेले. तरीही सुंदरच दिसत होती, काय करणार. थोरलीनं तिच्या हातातली बॅग घेतली.

"माझ्याकडे एकच खोली आहे," ती जिन्यावरून उतरताना म्हणाली. "पलंगही एकच."

"माहीत आहे गं."

"भिंतीकडची बाजू माझी."

"लहानपणी तर ती माझी असायची."

"म्हणूनच," थोरली म्हणाली, आणि बॅग दुसऱ्या हातात घेऊन पुढं चालू लागली.